राणूचा पाय आणि चंद्रीचा हट्ट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते मला विचारू नका; मलाही ती सांगोवांगीच कळली. तेव्हा जनावरं माणसांशी बोलत असत आणि माणसं कधीमधी ऐकतही असत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एका राज्यात एक उंच गड होता. गडाला नऊशे पायऱ्या होत्या आणि पायथ्याला एक गाव होतं. गडावरच्या पहाऱ्यासाठी दर दसऱ्याला नवे शिपाई निवडत. परीक्षा एकच. पाठीवर चार पायली नाचणीचं पोतं घ्यायचं आणि पायथ्यापासून वरच्या दरवाजापर्यंत चढायचं. खाली शिंग फुंकलं की वर दरवाजात पाण्याच्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडत. वाटीच्या तळाला बारीक भोक होतं. ती हळूहळू भरे आणि बुडे. ती बुडायच्या आत ज्याचा हात दरवाजाला लागला तो शिपाई झाला. बाकीच्यांनी पोतं घेऊन घरी जायचं. विशी उलटलेल्याला तर परीक्षेला उभंच करत नसत.

त्या गावात राणू नावाचा एक तरुण होता. वय वीस पुरं व्हायला आलं होतं, म्हणजे येता दसरा त्याचा शेवटचा. त्याचा बाप गडावर शिपाई होता आणि राणू लहान असतानाच तापानं गेला होता. आई लोकांची दळणं दळून घर चालवी. शिपायाच्या घरी गडाच्या कोठारातून धान्य येई. राणू गडावर लागला असता तर आईचं जातं थांबलं असतं. त्याला दुसरं काही नको होतं.

आता त्या गावची एक रीत ऐका. नागपंचमी झाली की गावातली पोरं गड चढायचा सराव सुरू करत. वर गेलं की तिथला एक दगड उचलून खाली आणायचा आणि वेशीपाशी आपल्या नावाच्या जागी ठेवायचा. जितक्या चढाया तितके दगड. दिवेलागणीला गावातली म्हातारी मंडळी वेशीवर जमत आणि राशींकडे बघत बोलत. कोणाची रास वाढली, कोणाची तशीच राहिली, कोणाचा पोरगा आळशी, सगळं तिथं ठरे. ज्यांनी स्वतः उभ्या जन्मात दोनशे पायऱ्यांच्या वर पाऊल टाकलं नव्हतं, त्यांची बोलणी तर सगळ्यात लांब चालत.

राणू सुरुवातीला दिवसातून एकदा चढे. त्याची पाठ, मांड्या, दम, सगळं छान भरत होतं. मग एका संध्याकाळी वेशीवरून जाताना त्याला ऐकू आलं, "येसबाची रास बघा. राणूच्या दीडपट झाली."

येसबा त्याचा मित्र, दोन वर्षांनी धाकटा. दुसऱ्या दिवसापासून राणू दोनदा चढू लागला. मग येसबा तीनदा. मग राणूही तीनदा. आठवडाभरात दोघांच्या राशी गुडघ्याच्या वर गेल्या आणि म्हातारी मंडळी खूश झाली.

आणि राणूची उजवी नडगी दुखू लागली.

पहिल्यांदा चढून आल्यावर दुखे. मग चढताना दुखू लागली. मग बसल्यावरही ठणकू लागली. राणूनं कोणाला सांगितलं नाही. त्यानं नडगीला फडकं घट्ट बांधलं, वर धोतर सोडलं आणि हसत हसत पायऱ्या चढला. दुखतंय म्हणून सांगणाऱ्याला गडावर कोण घेणार, असं त्याला वाटे. आईनं एकदा विचारलं, "लंगडतोस का रे?" तो म्हणाला, "चप्पल लागली." घरात तर तो अनवाणीच होता. आईनं ते पाहिलं आणि ती गप्प बसली. तिलाही तो गडावर लागायला हवा होता. खोटं बोलणारा एकटा राणू नव्हता, हे मी इथंच सांगून टाकतो.

पोळ्याचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी गावात बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून झालं होतं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे त्या गावात तान्हं मूलही सांगू शके. पण त्याच गावची पोरं त्या दिवशीही तीन तीनदा गड चढत होती, आणि यात काही विपरीत आहे असं कोणाला वाटलं नाही.

राणू दुसऱ्यांदा उतरत होता. शेवटच्या वीसेक पायऱ्या राहिल्या असताना त्याचं उजवं पाऊल टेकलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो बसला. उठायला गेला, तर पाय जमिनीला टेकवेना.

पायऱ्यांच्या कडेला चंद्री उभी होती. चंद्री हे पखालजीबाबांचं खेचर. पखालजीबाबा चामड्याच्या पखालींतून गडावर पाणी पोचवत आणि त्या पखाली चंद्री वाही. अठरा वर्षं ती हेच करत होती. गावात तिची ख्याती मात्र वेगळीच होती. तीन दिवस ती मुकाट चढे, आणि चौथ्या दिवशी मनात आलं की खाली बसे. ओढा, ढकला, विनवा, ती उठत नसे. हट्टीपणाला गावात चंद्रीचं नाव द्यायचे.

"बसलास का?" चंद्रीनं विचारलं.

"बसलो नाही, पडलो," राणू म्हणाला.

"तेच म्हणते मी. वेळेवर बसला असतास तर पडला नसतास."

राणूला राग आला. एक तर पाय ठणकत होता आणि त्यात हे जनावर शहाणपण शिकवत होतं. तो म्हणाला, "तुझं बरं आहे. तू चौथ्या दिवशी अडून बसतेस. माझा दसरा चाळीस दिवसांवर आलाय."

"अठरा वर्षं मी हा गड चढतेय," चंद्री म्हणाली. "माझ्याबरोबर पाणी वाहायला लागलेली सात खेचरं होती. गुणी होती बिचारी, एकही कधी अडलं नाही. पाच वर्षांत सातही लंगडी झाली. तुझ्या राशीत दगड किती?"

"बावन्न."

"आणि पाय किती?"

तेवढ्यात पखालजीबाबा आले. त्यांनी काही न विचारता राणूचं फडकं सोडलं आणि नडगीवरून अंगठा फिरवत नेला. एका जागी अंगठा दाबला तसा राणू कळवळला.

"इथंच का?" बाबांनी विचारलं.

"तिथंच. बोटभर जागा आहे."

"रात्री ठणकतं?"

"ठणकतं."

बाबा त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, "हे बघ पोरा, चढून आल्यावर दोन्ही मांड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी अंग आंबतं, ते चांगलं. थोडं चाललं की ते जातं. पण एकाच पायाला, बोटभर जागेत दुखलं आणि बसल्यावरही ठणकलं, तर हाड थकलेलं असतं. तुझं हाड अजून तडकलेलं नाही. पण आणखी चार दिवस असाच चढलास तर तडकेल, आणि मग दसरा सोड, संक्रांतीपर्यंत खाटेवर पडशील."

"मग करू काय?"

"एकवीस दिवस गड चढायचा नाही. पळायचं नाही. ओझं घ्यायचं नाही. नीट जेव, पोटभर झोप. पाय सुखावला की डोहात पोह. पाण्यात अंगाचा भार पायावर येत नाही आणि दम टिकतो. एकवीस दिवसांनी मी पुन्हा अंगठा दाबून बघेन."

"एकवीस दिवसांत जे कमावलंय ते सगळं जाईल, बाबा."

"थोडं जाईल," बाबा म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पण पाय गेला तर सगळंच जाईल."

राणूचा चेहरा उतरला. त्याला भीती वाटली, आणि ती खरी भीती होती. हा त्याचा शेवटचा दसरा होता. बसलो आणि मागे पडलो तर आई जन्मभर दळत राहणार. चढलो आणि हाड तडकलं तरी आई दळत राहणार. इकडे आड, तिकडे विहीर.

चंद्री म्हणाली, "विचार कर. मी आज बसणार आहे, सोबत हवी असेल तर ये." आणि ती खरोखरच तिथं बसली. पाण्यानं भरलेल्या पखाली पाठीवर तशाच. बाबांनी कपाळाला हात लावला आणि त्या सोडवायला घेतल्या.

त्या संध्याकाळी राणूनं आईला सगळं सांगितलं. जातं थांबवून तिनं ऐकलं. मग विचारलं, "एकवीस दिवस बसलास, तर दसऱ्याला चढशील ना?"

"माहीत नाही, आई."

आईनं जात्याभोवतीचं पीठ गोळा केलं. मग म्हणाली, "बस. मला धड पायाचा मुलगा हवा. पुढचं पुढे बघू." आणि तिनं जात्यात पुन्हा मूठ टाकली.

दुसऱ्या दिवशी राणू वेशीपाशी दगडावर पाय लांब करून बसला. घरात लपून बसता आलं असतं, पण लपूनछपून दुखणं काढायचा त्याला कंटाळा आला होता. म्हातारी मंडळी जमली. "काय रे, आज रास तशीच?" एकानं विचारलं. राणू म्हणाला, "नडगी दुखतेय. एकवीस दिवस चढणार नाही." मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. असं उघड बोललेलं त्या वेशीवर आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मग जे व्हायचं तेच झालं. कोणी म्हणालं, याचा बाप असा नव्हता. कोणी म्हणालं, नाचता येईना अंगण वाकडं. पाटील तर म्हणाले, "चंद्रीचा वाण नाही पण गुण लागला."

राणूला लागलं. त्यानं मान खाली घातली, पण उठला नाही.

तिसऱ्या दिवशी गावातला एक पोरगा त्याच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "जरा वाऱ्याला बसतो." वारा तर पडलेला होता. राणूनं विचारलं नाही. थोड्या वेळानं तो पोरगा स्वतःच हळूच म्हणाला, "माझी टाच दुखतेय. पंधरा दिवस झाले."

पाचव्या दिवशी आणखी दोघं आले. एकाचा गुडघा सुजला होता. दुसऱ्याची कंबर धरली होती आणि तो आईला सांगत होता की रात्री उशी वाकडी झाली. गणपती आले नि गेले, तोवर वेशीपाशी नऊ जण बसत होते. मुलांनो, तुमच्या लक्षात आलं का? सगळ्यांनाच दुखत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच कच्चे. शेजारची रास वाढतेय म्हणून हा चढे, आणि याची वाढतेय म्हणून शेजारचा. पखालजीबाबा एकेकाच्या पायावरून अंगठा फिरवत. कोणाला म्हणत, "तुझं काही नाही, उद्यापासून चढ, पण दिवसाआड." कोणाला म्हणत, "तू आठ दिवस डोहात." पोरं डोहात पोहत, हसत, भूक लागे तसं जेवत. खूप दिवसांनी त्यांना गाढ झोप लागू लागली. आयांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण आयांना पहिल्यापासून सगळं दिसत होतं.

येसबा मात्र आला नाही. त्याची रास कमरेपर्यंत गेली होती आणि म्हातारी मंडळी आता फक्त त्याचंच नाव घेत. राणू एकदा त्याला म्हणाला, "येसबा, तुझं पाऊल आत वळतंय. बाबांना दाखव." येसबा हसला. "तू बस रे. कोणीतरी गावाचं नाक राखायला हवं."

एकवीस दिवस झाले. बाबांनी अंगठा दाबला. राणू श्वास रोखून बसला होता. दुखलं नाही. बाबांनी जोर लावला, तरी नाही. राणूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

पण एकदम पळायची मुभा मिळाली नाही. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं तीनशे पायऱ्या, दुसऱ्या दिवशी विसावा. मग सहाशे पायऱ्या, पुन्हा विसावा. मग नऊशे. मग दोन पायलीचं ओझं. पितरांचा पंधरवडा असाच गेला. ज्या दिवशी चढायचं नसे त्या दिवशी राणूचे पाय शिवशिवत आणि तो घरात येरझाऱ्या घाली. आई म्हणे, "बस की खाली. तुझ्या चालण्यानं माझं पीठ उडतंय." नवरात्र बसल्यावर त्यानं पूर्ण चार पायली पाठीवर घेतल्या आणि दोनदाच चढला. शेवटचे दोन दिवस तर बाबांनी त्याला पायरीलाही पाय लावू दिला नाही. बसून चढता येतं का, असा प्रश्न त्याला अजूनही पडे. पण पाय हलके वाटत होते, एवढं खरं.

येसबा परीक्षेच्या दहा दिवस आधी आला. चालत नाही, मित्राच्या खांद्यावर हात टाकून. कोणी त्याला हसलं नाही. बाबांनी पाय पाहिला आणि नुसतं म्हटलं, "उशीर केलास." येसबानं मान हलवली आणि तोही डोहावर जाऊ लागला.

दसरा उजाडला. पाच गावांची पोरं पायथ्याशी जमली. पाऊल जरा निवलं म्हणून येसबाही त्यांत पोतं घेऊन उभा राहिला. कोणाच्या गुडघ्याला पट्ट्या, कोणाच्या पोटऱ्यांना पाला बांधलेला. गडाखाली दहा डोल्या तयार ठेवल्या होत्या, कारण दरवर्षी पाय मोडलेली पोरं त्यांतूनच घरी जात. शिंग फुंकलं. वर वाटी पाण्यात सुटली.

राणू सुरुवातीला मागेच होता. बाकीचे धावले आणि तो नुसता चढत राहिला, एकाच चालीनं. तीनशे पायऱ्यांपाशी पुढचे धापा टाकू लागले. पाचशेपाशी शेजारच्या गावचा एक धिप्पाड गडी पोटरी धरून बसला आणि डोलीवाल्यांनी त्याला उचललं. सहाशेपाशी राणूचा दम संपत आला. छाती जळू लागली, मांड्या पेटल्या. त्यानं मनातल्या मनात नडगी तपासली. मांड्या दोन्हीकडे दुखत होत्या. बोटभर जागेत काही नव्हतं. मग त्याला धीर आला. हे दुखणं सोसायचं होतं आणि ते त्याला सोसता येत होतं.

सातशेव्या पायरीपाशी येसबा होता. उभा होता. त्याचं पाऊल पुन्हा ठणकू लागलं होतं. राणूला बघून त्यानं पोतं खाली ठेवलं आणि स्वतः त्यावर बसला. "मी इथंच थांबतो," तो म्हणाला. "माझ्याकडे पुढचा दसरा आहे. तुझ्याकडे नाही. जा."

राणू गेला. शेवटच्या शंभर पायऱ्या तो कसा चढला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. दरवाजाच्या लाकडाला हात लागला तेव्हा घंगाळातली वाटी काठोकाठ भरली होती. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या मागे, अगदी अलगद, वाटी बुडाली.

किल्लेदारांनी नावं लिहून घेतली. त्या गावातून एरवी फार तर तिघं निवडले जात. त्या वर्षी वेशीवर बसलेल्यांपैकी आठ जण वर आले होते. किल्लेदारांनी विचारलं, "तुमच्या गावानं यंदा काय वेगळं केलं?"

राणू अजून धापा टाकत होता. तो म्हणाला, "बसलो, सरकार."

किल्लेदारांना वाटलं, पोरगा थकून भलतंच बोलतोय. मग राणूनं त्यांना सगळं सांगितलं, नडगीपासून डोहापर्यंत. किल्लेदार ऐकत राहिले. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यावर वीस वर्षांची जुनी सूज होती आणि त्यांचा हात नकळत तिकडे गेला. त्याच दसऱ्यापासून गडावर नियम झाला की नव्या शिपायांना तीन दिवस कवायत आणि चौथा दिवस विसावा, आणि दुखणं सांगणाऱ्याला कोणी हसायचं नाही. येसबाचा पाय चार महिन्यांत बरा झाला आणि पुढच्या दसऱ्याला तो वर पोचला तेव्हा वाटी अर्धीही भरली नव्हती.

पण हे पुढचं झालं. त्या दिवशी राणू निवड झाल्यावर गड उतरला, तेव्हा खाली आई उभी होती. वरून ओरडून बातमी आधीच पोचली होती. तरी तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पागोट्याला बांधलेल्या शिपाईगिरीच्या फितीकडे पाहिलं नाही. ती खाली वाकली आणि म्हणाली, "पाय बघू."

राणूनं उजवा पाय पुढे केला. आईनं नडगीवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि तो कुठेही कळवळला नाही. मग ती तिथंच पायरीवर बसली, पदर डोळ्यांना लावला आणि इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं रडून घेतलं. राणू तिच्या शेजारी बसला. दोघांनाही कुठं जायची घाई नव्हती.

बोध असा: मेहनतीइतकाच विसावाही नेमानं घ्यावा, आणि दुखणं झाकू नये, थकलेलं अंग विसाव्यातच बळ धरतं.